शापित वस्तू विकणारा चालू दुकानदार गेममध्ये कसा आणायचा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलवर बसून खेळायच्या गेममध्ये डीएम म्हणून, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा म्हणून, मी आणलेला पहिला शापित वस्तूंचा दुकानदार पंधरा मिनिटं टिकला. अंधारी गल्ली, काळा झगा, खोकल्यासारखं हसणं, सगळा मसाला घातला होता मी. फायटरने (लढवय्या कॅरेक्टरच्या प्लेअरने) तलवार विकत घेतली, मी म्हटलं आता ही तुझ्या हातातून सुटत नाही, तर त्याने आधी बघितलं ते माझ्याकडे, दुकानदाराकडे नाही, माझ्याकडे. मग दुकानदाराचं मुंडकं उडवलं, बाकीच्यांनी दुकान लुटलं आणि पुढचा तासभर टेबलवर नुसते फुगलेले चेहरे.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की राग दुकानदारावर यायला हवा, डीएमवर नाही. खाली जे लिहितोय ते सगळं तेवढ्याचसाठी. मी डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनचे २०१४ चे नियम धरून सांगतोय, दुसरी सिस्टम खेळत असाल तर आकडे बदलून घ्या.

सगळ्यात आधी, हा माणूस खोटं बोलत नाही. कधीच नाही. हा नियम स्वतःवर घालून घ्या आणि मोडू नका. कारण प्लेअर पहिली गोष्ट काय करणार तर इनसाइट रोल मारणार, म्हणजे समोरचा खोटं बोलतोय का ते ओळखायला फासा टाकणार, एकोणीस वगैरे पडणार, आणि तुम्हाला "तो खोटं बोलत नाहीये" असं बिनधास्त सांगता आलं पाहिजे. तो फक्त अर्धंच सांगतो. आमच्या टेबलवर अशा एका दुकानदाराला सगळे "काका" म्हणायला लागले, त्याचा एक सौदा जसाच्या तसा देतो, रोग (rogue, म्हणजे चोरटं कॅरेक्टर) आणि काका:

"काका, या कुऱ्हाडीला शाप आहे का?"
"चांगल्या वस्तूला थोडी खोड असतेच रे. हिची खोड म्हणजे मालकाला ही सोडवत नाही."
"म्हणजे?"
"म्हणजे जीव लावते. आजची रात्र घेऊन जा की. नाही आवडली तर सकाळी आणून दे, पूर्ण पैसे परत."
"खरंच परत घेता?"
"दुकान उघडल्यापासून घेतो. अजून कोणी आणून दिली नाही, तो भाग वेगळा."

यातला एकही शब्द खोटा नाही. या कुऱ्हाडीचा, म्हणजे बर्सर्कर अ‍ॅक्सचा शापच असा की मालकाला ती सोडावीशीच वाटत नाही. अट्यूनमेंटला, म्हणजे वस्तूशी जादूचं नातं जुळायला, एक शॉर्ट रेस्ट (गेममधली छोटी विश्रांती) पुरते म्हणजे रात्रीची ट्रायल घेतली की काम झालं. वर प्रत्येक लेव्हलला एक हिट पॉइंट (जीव मोजायचा आकडा) जास्त मिळतो त्यामुळे प्लेअर खूशच असतो, पहिला मार लागून विझडम सेव्ह, म्हणजे शापाला मनाने थोपवायचा फासा, हुकेपर्यंत.

ही ट्रायलची आयडिया मी काही आभाळातून आणली नाही. होप डायमंड नावाचा निळा हिरा आहे, ४५.५२ कॅरेटचा. प्येर कार्तिए या जवाहिऱ्याने तो इव्हलिन वॉल्श मॅकलीन या श्रीमंत बाईला दाखवला तेव्हा त्याच्या शापाच्या गोष्टी चांगल्या तिखटमीठ लावून सांगितल्या, कारण बाईंचं म्हणणं होतं की दुसऱ्यांना अशुभ असलेल्या वस्तू मला शुभ ठरतात! तरी बाई तयार होईनात, तर त्याने हिरा नवीन कोंदणात बसवला आणि शनिवार-रविवार त्यांच्याकडेच ठेवायला दिला. १९११ मध्ये सौदा झाला. आणि करारात काय कलम होतं, तर सहा महिन्यांत घरात कोणाचा मृत्यू झाला तर हिरा तेवढ्याच किमतीच्या दागिन्यांवर बदलून मिळेल. हे वाचलं तेव्हा मी काकाची पावती नव्याने लिहिली. शाप लपवायचा नसतो हो, तो मिरवून विकायचा असतो.

आता शाप कसा बनवायचा. नुसता वाईट शाप म्हणजे शिक्षा, त्यात प्लेअरला करण्यासारखं काही उरतच नाही. फायदा आणि खोड एकाच गाठीत बांधा. शील्ड ऑफ मिसाइल अ‍ॅट्रॅक्शन बघा, लांबून येणाऱ्या शस्त्रांचं नुकसान निम्मं करते पण दहा फुटांच्या आतल्या दुसऱ्या कोणावर बाण सुटला तर तो तुमच्याचकडे वळतो. आमच्या पॅलाडिनला (शपथ घेतलेला धर्मयोद्धा) हे कळल्यावर त्याने ढाल काढायलाच नकार दिला, विझार्डच्या (जादूगाराच्या) पुढे उभा राहून छाती काढून बाण खायचा. त्याच्यासाठी शाप कसला, नोकरीच ती. उलट बॅग ऑफ डिव्हाउअरिंग जपून वापरा, बॅग ऑफ होल्डिंगसारखी, म्हणजे भरपूर सामान मावणाऱ्या जादुई पिशवीसारखी, दिसते पण ते एका प्राण्याचं तोंड आहे, आणि कॅरेक्टर गिळलं गेलं की परत तेच, सगळे तुमच्याकडे बघणार.

शापामागे कोणाची तरी हाय पाहिजे, आणि ती जितकी क्षुल्लक तितकी खरी वाटते. इंग्लंडमधल्या बाथ गावात रोमन काळातल्या शिशाच्या पत्र्यावर लिहिलेल्या शापांच्या सुमारे १३० चिठ्ठ्या सापडल्या, लोक त्या सुलिस मिनर्व्हा देवीच्या झऱ्यात टाकायचे. युद्धं, राजे, सूड असलं काही नाही, बहुतेक चिठ्ठ्या चोरीच्या. कोणाचे हातमोजे गेले, कोणाची अंगठी. डोसिलियानस नावाच्या एकाचा टोपीवाला अंगरखा चोरीला गेला तर तो देवीला सांगतो, चोर बाई असो की पुरुष, गुलाम असो की स्वतंत्र, अंगरखा देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप येऊ देऊ नकोस आणि मूलबाळ होऊ देऊ नकोस. एका अंगरख्यासाठी!

यात डीएमच्या कामाची गोष्ट म्हणजे ते "आणून देईपर्यंत". शापाला सुटायची अट जोडली की पुढचं सेशन आपोआप तयार. मी यावरून हातमोजे बनवले, चोरलेले, घातले की स्लाइट ऑफ हँडला (हातचलाखीला) अ‍ॅडव्हांटेज, पण रोज सकाळी खिशात पार्टीतल्याच (प्लेअरांच्या टोळीतल्याच) कोणाची तरी एखादी वस्तू सापडते. पहिल्या दिवशी बटण, दुसऱ्या दिवशी क्लेरिकचं (पुजारी कॅरेक्टरचं) पवित्र चिन्ह, तिसऱ्या दिवशी जे पत्र पार्टीपासून लपवलेलं होतं ते. चार सेशन त्यावर भांडण चाललं आणि मला तयारी शून्य. सुटका कशी तर हातमोजे ज्याचे होते त्याच्या थडग्यावर ठेवून यायचे, बस.

मग कोणीतरी विचारणारच की काका स्वतः कसा वाचला. याचं उत्तर आधीच तयार ठेवा, ऐन वेळी सुचलेलं पकडलं जातं. माझं उत्तर, माल त्याचा नाहीच. तो फक्त ठेवून घेतो, विकला गेला की कमिशन कापतो. वस्तूला उघडा हात लावत नाही, प्रत्येक गोष्ट सांडशीने उचलून गिऱ्हाइकापुढे ठेवतो. हे मी कधी समजावून सांगितलं नाही, नुसती सांडशी दाखवत राहिलो. तिसऱ्या भेटीत विझार्डने विचारलं, "काका, सांडशी का?" आणि टेबल एकदम शांत. काका म्हणाला, "गरम असतं ना."

धंदा कसा चालतो हेही नियमांतच सापडतं. रिमूव्ह कर्स या शाप काढायच्या स्पेलने (मंत्राने) शापित जादुई वस्तूवरचा शाप जात नाही, फक्त मालकाचं अट्यूनमेंट तुटतं आणि वस्तू टाकून देता येते. टाकून देणार कुठे? काकाकडे. म्हणजे विकताना पैसे, परत ठेवून घ्यायचे पैसे, मधे स्पेल टाकणाऱ्या पुजाऱ्याशी साटंलोटं, आणि तोच माल परत फळीवर. ट्रायलनंतरची सकाळ उलटली की वस्तू त्याच्या हिशेबात "वापरलेली" होते हे पावतीवर छापलेलं असतं, खाली, बारीक अक्षरात. आयडेंटिफाय म्हणजे वस्तूची जादू ओळखायचा स्पेल, त्याची भीती नको, शाप बहुतेक वेळा त्यातही दिसत नाही. पण जुन्या दंतकथांमधून मिळणारा सुगावा मात्र ठेवाच, ज्या प्लेअरने लायब्ररीत वेळ घालवला त्याला बक्षीस नको का?

शेवटी मारामारी. पार्टी कधी ना कधी काकावर हात उचलणारच, थांबवू नका. त्याला अचानक वीसाव्या लेव्हलचा विझार्डही करू नका, तो चीप प्रकार आहे. आमच्याकडे बार्बेरियन (रांगडा लढवय्या) कुऱ्हाड घेऊन काउंटरवर चढला तेव्हा काकाने नुसती वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. एका बाजूला वस्तू, दुसऱ्या बाजूला मालक. दुकानदार मेला तर ठेवलेला माल कोणाच्या नावे जातो ते वर लिहिलं होतं: जो मारेल त्याच्या. फळीवर त्या वेळी एकेचाळीस वस्तू होत्या, बार्बेरियनने मोजल्या. मग खाली उतरला आणि दोरखंड विकत घेतला, साधा, आणि तरी दोनदा विचारलं की याला काही खोड नाही ना.