पोर जेवलं नाही म्हणून इन्सुलिन बंद? आजारपणातल्या या चुका टाळा

टाईप 1 मधुमेह (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं) असलेल्या मुलांच्या पालकांना शिकवताना मी एक प्रश्न हमखास विचारते: "उद्या पोराला ताप आला, दोन उलट्या झाल्या, तर आधी काय कराल?" बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: खाणं नाही, तर सुई नाही. सांगली-मिरजेच्या आसपासच्या गावांत घरची आजीही सुनेला दटावते, "पोरानं सकाळपासनं घास घेतला न्हाई, आन् सुई कशाला टोचतीस?" आजीची माया खरी आहे. पण याच चुकीमुळे मुलं आयसीयूत पोचतात.

पोट रिकामं असलं तरी तापात साखर वाढू शकते. आजारपणात शरीर ॲड्रिनलिन, कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स सोडतं, त्यांच्यामुळे यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्सुलिनचा परिणामही कमी होतो. अशा वेळी इन्सुलिनच नसेल तर शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून केटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. म्हणून दिवसभर पुरणारं बेसल इन्सुलिन कधीच बंद करायचं नाही. जुलाब-उलट्यांत साखर खाली येत असेल तर डोस कमी करावा लागतो, पण किती ते डॉक्टर ठरवतील. कमी करणं वेगळं आणि बंद करणं वेगळं, हे शिकवताना पालकांकडून मोठ्यानं म्हणून घ्या.

दुसरी चूक म्हणजे फक्त ग्लुकोमीटरवर विसंबणं. मीटर 140 दाखवतो म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि इकडे लघवीत केटोन भरलेले असतात. मूल काहीच खात नसेल तर साखर बेताची असूनही केटोन वाढतात. तेव्हा आजारपणात साखर दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, आणि त्याबरोबर केटोन तपासायचेच. लघवीच्या पट्टीचा रंग डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच जुळवायचा. पाच मिनिटांनी पाहिलेल्या रंगाला काही अर्थ नाही. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की पट्ट्या दमट होऊन खोटं सांगतात. डबी उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. रक्तातले केटोन मोजायचं मीटर घरात असेल तर 0.6 (मिलिमोल प्रति लिटर) पर्यंत ठीक, 1.5 च्या पुढे डॉक्टरांना लगेच फोन, 3 च्या पुढे थेट हॉस्पिटल.

केटोन आहेत आणि साखरही 300 च्या घरात आहे, तर भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या चार्टप्रमाणे जलद इन्सुलिनचा जादा डोस. केटोन आहेत पण साखर कमी आहे, तर साखर घातलेलं लिंबूपाणी घोट-घोट पाजायचं आणि इन्सुलिनचा डोस फोनवर विचारायचा. हा दुसरा प्रकार पालकांना पटतच नाही. "मधुमेहाच्या पोराला साखर कशी द्यायची?" म्हणून ते ओआरएसलाही घाबरतात. लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम, म्हणजे पेलाभर द्रावणात तीन ग्रॅमही नाही. जुलाबात ते द्यायलाच हवं. उलट साखर 70 च्या खाली गेली तर नुसतं ओआरएस पुरणार नाही. मोठ्या मुलाला तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, लहानग्याला डॉक्टरांनी ठरवून दिलेलं माप, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. मूल शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

शिकवणाऱ्यांचीही एक चूक आहे, आणि मला ती फार लागते. आपण सगळं एकट्या आईला सांगतो. तीच आई तापानं आडवी पडली, किंवा शेतीची लाईट रात्रीची म्हणून बाप उसाला पाणी पाजायला गेला, तर त्या घरात तपासणार कोण? दोघांना बोलवा, जमल्यास आजीलाही. डोस लिहिलेला कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत फ्रीजवर चिकटवायला द्या. पट्टी त्यांच्याच हातानं लघवीत बुडवून रंग वाचायला लावा. नुसती मान डोलावली म्हणजे समजलं असं धरू नका. आणि हे सगळं मूल बरं असताना, पावसाळ्याच्या आधी.

इन्सुलिनची एक जादा बाटली घरात असू द्या. 2019 च्या महापुरासारखी वेळ आली तर औषधाचं दुकान गाठता येईलच असं नाही. डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिन मुलांना द्यायची नाही. स्टेरॉइडचं औषध लिहून मिळालं तर साखर चढणार, हे आधीच धरून चाला.

मधुमेहाच्या मुलाची उलटी "काहीतरी बाधलं असेल" म्हणून सोडून देऊ नका, आधी केटोन बघा. दोन तास उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, श्वास खोल आणि जोरात चालला असेल, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असेल किंवा मूल पेंगत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. हॉस्पिटलच्या दारातच पहिलं वाक्य सांगा: "टाईप 1 आहे, केटोन आलेत, शेवटचं इन्सुलिन अमुक वाजता दिलं." साखरेची वही, मीटर आणि इन्सुलिनची बाटली सोबत घ्या.