नागपूरच्या थंडीत खिडक्यांच्या फटी बुजवताना: माझा अनुभव

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा 10 अंशांखाली जातो. 2000 वॅटचा हीटर सलग चालला तर तासाला 2 युनिट लागतात, म्हणून आधी फटी बुजवाव्यात. पडदे बाजूला करून, पंखा बंद ठेवून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरवा. धूर जिथे आडवा होतो तिथून वारा येतो.

सगळ्यात जास्त वारा येतो कूलरच्या खिडकीतून, आणि तिकडेच कुणाचं लक्ष जात नाही. कूलर काढून पल्ले लावणं उत्तम. ते जमत नसेल तर कूलरच्या तोंडाच्या मापाचा प्लायचा तुकडा कापून, कडांना फोम टेप लावून आतून घट्ट बसवा. आधी प्लग काढा आणि टाकी रिकामी करा. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण हीटरजवळ तो नकोच.

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत वूलपाइल, म्हणजे ब्रशसारखी पट्टी, झिजते. पल्ला उचलून काढा, जुनी पट्टी खाचेतून ओढा आणि तिचाच तुकडा दुकानात दाखवून नवी आणा. नव्या पट्टीचे केस उंच असतील तर पल्ला अडतो, बुटके असतील तर फट तशीच राहते. खालच्या रुळातली पाणी जायची भोकं बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात पाणी घरात येईल.

लाकडी चौकटीवर टेप लावण्यापूर्वी सुटलेला रंग खरवडून धूळ पुसा. धुळीवर टेप टिकत नाही. चौकट आणि भिंत यांच्यातली फट भरून वर रंग द्यायचा असेल तर सिलिकॉनऐवजी ॲक्रिलिक सीलंट (फट भरायची पेस्ट) भरा, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही.

गॅस गिझर असलेल्या बाथरूमची हवेची वाट मात्र कधीही बंद करू नका. तिथे कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.