बाणाला पिसे लावण्यापूर्वी

मागच्या हिवाळ्यात दोन रात्री बसून मी बारा लाकडी बाणांना पिसे लावली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यातल्या मैदानावर ३० मीटरवरून त्यांतला एकही बाण नीट गेला नाही. प्रत्येक बाण शेपूट हलवत जात होता. मी दोष आधी हातात शोधला, मग दोरीत. शेवटी बाणाच्या मागच्या टोकाकडून, म्हणजे दोरी बसते त्या खाचेच्या बाजूने, एक बाण डोळ्यासमोर धरला, तेव्हा दोन पांढरी पिसे एका बाजूला कललेली आणि तिसरे लाल पीस त्यांच्या उलट कललेले दिसले. पांढरी पिसे उजव्या पंखाची होती आणि स्वतंत्र पाकिटातून आणलेले लाल पीस डाव्या पंखाचे. छत्तीसच्या छत्तीस पिसे ब्लेडने खरवडून काढावी लागली. पुढची यादी त्यातून तयार झाली आहे.

म्हणून खरेदीपासूनच पंख पाहावा. बाजारात मिळणारी पिसे बहुतेक टर्कीची असतात, आणि प्रत्येक पिसाला ते ज्या पंखातून आले त्या पंखाचा नैसर्गिक बाक असतो. या बाकामुळे बाण उडताना स्वतःभोवती फिरतो आणि फिरल्यामुळे स्थिर राहतो. तिरंदाजाच्या बाजूने पाहिल्यास उजव्या पंखाची पिसे बाणाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात, डाव्या पंखाची उलट दिशेने. कोणता पंख निवडावा यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उजव्या हाताने ओढणाऱ्यालाही दोन्ही चालतात. एका बाणावरची तिन्ही पिसे मात्र एकाच पंखाची हवीत, आणि शक्यतो भात्यातल्या सगळ्या बाणांचीही. पाकिटावर ‘आरडब्ल्यू’ (राइट विंग, उजवा पंख) किंवा ‘एलडब्ल्यू’ (लेफ्ट विंग, डावा पंख) लिहिलेले असते, ते दुकानातच वाचावे. वेगळ्या रंगाचे तिसरे पीस वेगळ्या पाकिटातून येते, त्यामुळे चूक नेमकी तिथेच होते.

पाकिटावर काही लिहिलेले नसेल, तर दोन कापलेली पिसे देठावर उभी करून शेजारी शेजारी धरावीत, दोघांची पुढची टोके एकाच दिशेला ठेवावीत आणि गुळगुळीत, चमकदार बाजू कोणती ते पाहावे. दोघांची चमक एकाच बाजूला असेल तर पंख एकच. समोरासमोर आली तर एक पीस बाजूला काढावे. ही तपासणी दिवसाच्या उजेडात करावी, कारण रात्री ट्यूबलाइटखाली पांढऱ्या पिसाच्या दोन्ही बाजू सारख्याच वाटतात.

पिसांऐवजी प्लास्टिकची पाती का नकोत, हेही अनेक जण विचारतात. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात, म्हणजे कप्प्या असलेल्या आधुनिक धनुष्याने, जागतिक विजेतेपद मिळवल्यापासून आमच्या गल्लीतल्या मुलांनाही तसेच प्लास्टिकच्या पात्यांचे बाण हवे असतात. कंपाउंड धनुष्यावर बाण टेकायला स्वतंत्र यंत्रणा असते. आमच्या साध्या बांबूच्या धनुष्यावर बाण मुठीवरून सरकतो, आणि ताठ प्लास्टिक तिथे आपटून बाण बाजूला फेकते. पीस मात्र दबते आणि लगेच उभे राहते. शिवाय पाच इंची तीन पिसांचे वजन एक ग्रॅमही भरत नाही.

मोर, घार, गिधाड यांची पिसे वापरण्याचा विचारही करू नये. हे पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि कोयनेच्या जंगलात पडलेले पीसही उचलून आणू नये.

लांबी जड लाकडी बाणाला पाच इंच आणि हलक्या बाणाला चार इंच पुरते. आकार ढालीसारखा की गोलसर, हा आवडीचा प्रश्न आहे. पीस चिकटवताना धरून ठेवणाऱ्या साच्याची पकड पिळाची असेल, तर तीही पंखाप्रमाणेच हवी: उजव्या पिसाला उजवी, डाव्याला डावी. चुकीच्या पकडीत देठाची पट्टी बाणाच्या काडीवर पूर्ण टेकत नाही आणि डिंक नुसता फटीत भरतो. सरळ पकडीला दोन्ही चालतात. पण म्हणून पंख तपासायचा राहू नये.

काडी बारीक पॉलिश पेपरने हलकी घासून स्पिरिटने पुसावी आणि त्यानंतर तिला बोट लावू नये. वेगळ्या रंगाचे पीस (माझे लाल) दोरीच्या खाचेला काटकोनात आणि धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला येईल असे लावावे. पिसाचे मागचे टोक खाचेपासून सुमारे एक इंच पुढे असावे, नाहीतर ते बोटांना लागते. देठाच्या पुढच्या टोकावर बारीक दोरा गुंडाळून त्यावर डिंकाचा थेंब द्यावा. हे टाळू नये, कारण सुटलेला देठ मुठीवरून जाताना हाताची कातडी फाडतो. पहिला बाण पूर्ण झाला की मागून धरून तिन्ही पिसे एकाच बाजूला कलली आहेत का ते पाहावे, आणि मगच दुसरा हाती घ्यावा. मी बाराही बाण एकदम केले, म्हणून चूक बारा ठिकाणी झाली.

पावसात पिसे भिजून चिकटतात, तेव्हा जून ते सप्टेंबर बाण उघड्यावर ठेवू नयेत. चुरगळलेले पीस उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरले की सरळ होते. कसर लागते, म्हणून डबीत डांबरगोळी टाकावी. उरलेली उजवी आणि डावी पिसे दोन वेगळ्या डब्यांत ठेवून झाकणावर नव्हे, तर डब्यावरच पेनाने पंख लिहावा, कारण झाकणांची अदलाबदल होते.