जेट ट्रेनिंगआधीची तयारी: कागदी कॉकपिट

टर्बोप्रॉपवरून (पंख्याच्या, कमी वेगाच्या विमानावरून) जेटवर येणारा वैमानिक सिम्युलेटरमध्ये अडतो तो ज्ञानामुळे नाही, वेगामुळे. मेमरी आयटम (आणीबाणीत न वाचता करायच्या पायऱ्या) घरी धडाधड म्हणता येतात. सिममध्ये हात भलत्याच स्विचकडे जातो. पाठांतर वाढवून हे सुटलं नाही, कागदी कॉकपिटने सुटलं. मॅन्युअलमधली पॅनेलची चित्रं ए-थ्रीवर छापून घ्या (नाशिकला कॉलेज रोडवर कुठेही होईल) आणि समोर, डोक्यावर, बाजूला खऱ्या जागी चिकटवा. ओव्हरहेडचा, म्हणजे डोक्यावरच्या पॅनेलचा, कागद समोरच्या भिंतीवर लावलात तर हात चुकीचंच शिकतो. प्रत्येक फ्लो (स्विच हाताळण्याचा ठरलेला क्रम) बोट टेकवत, मोठ्याने. कॉलआउटला (एकमेकांना मोठ्याने द्यायच्या ठरलेल्या सूचनांना) जोडीदार हवाच.

उतरण्याचं गणित तोंडी यायला हवं. 35,000 वरून 2,000 फुटांवर, दर हजार फुटांना तीन मैल: 33 त्रिक 99 नॉटिकल मैल, वेग उतरवायला आणखी 10. मागून वारा असेल तर अजून आधी निघा. तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर (धावपट्टीकडे उतरण्याच्या उतारावर) मिनिटाला किती फूट उतरायचं, तर ग्राउंड स्पीड (जमिनीच्या हिशेबाने वेग) गुणिले 5. 140 नॉटला मिनिटाला 700 फूट.

परफॉर्मन्सचे तक्ते (किती वजनाने उडता येईल ते सांगणारे) सोडवायला नाशिकचा ओझर विमानतळ घ्या. उंची जवळपास 2,000 फूट, त्यात मे महिन्यात पारा 40 वर गेला की डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) साडेपाच हजार फुटांच्या घरात जातं. समुद्रसपाटीच्या, 15 अंशांच्या उदाहरणांत वजन कुठे कापावं लागतं ते दिसतच नाही.