एलडीएल अफेरेसिसला जाताना: गोळ्या, शिरा आणि फाइल

जर्मनीतल्या एका डायलिसिस केंद्रात मी नर्स आहे, मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे अफेरेसिसच्या खुर्च्या डायलिसिसच्या शेजारीच आहेत, त्यामुळे पहिल्यांदा आलेली मराठी मंडळी दारातच विचारतात, "सिस्टर, किडनी गेली का माझी?" नाही हो. किडनीचा इथे काही संबंध नाही. अफेरेसिसमध्ये मशीन रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि त्याच्याचसारखा लायपोप्रोटीन लिटल ए हा चरबीचा कण तेवढा काढून घेतं, बाकीचं तुमचं रक्त तुम्हालाच परत मिळतं.

कोलेस्टेरॉल थोडंसं वाढलंय म्हणून हा उपचार कुणी करत नाही. घराण्यातून आलेला दोष, जन्मापासून चढलेलं एलडीएल, टाचेमागच्या स्नायूच्या दोरीवर (कंडरेवर) किंवा बोटांच्या पेरांवर पिवळट गाठी, कमी वयात हार्ट अटॅक आणि स्टॅटिन, इझेटिमिब, पीसीएसके-९ची इंजेक्शनं ही कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं घेऊनही न उतरणारा आकडा, अशांसाठी तो आहे. लिटल ए डेसिलिटरमागे 60 मिलिग्रॅमच्या वर आणि एलडीएल आटोक्यात असूनही हृदयाचा आजार वाढतोय, अशांनाही जर्मनीत 2008 पासून तो विम्यातून मिळतो. मंजुरी डॉक्टर मागतात, पण कागद तुमच्याकडे हवेत. एलडीएलसाठी अर्ज असेल तर 12 महिने पथ्य आणि औषधं पूर्ण घेऊनही आकडा उतरला नाही, हे दाखवावं लागतं. मंजुरी वर्षभराचीच असते, म्हणून प्रत्येक लिपिड रिपोर्ट तारखेनुसार फाइलला लावा. भारतातले जुने रिपोर्टही फेकून देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बीपीच्या गोळ्यांची नावं पहिल्याच भेटीत सांगा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, म्हणजे शेवटी "प्रिल" असलेली कुठलीही गोळी. काही मशीनच्या कॉलममधून (गाळणीच्या नळीतून) रक्त किंवा प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) जाताना ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि या गोळ्या तो शरीरात मोडू देत नाहीत. मग चेहरा लाल होतो, मळमळतं आणि बीपी झपकन खाली येतं. डॉक्टर सहसा "सार्टन" गटातली गोळी देतात. पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, आणि गावाकडच्या डॉक्टरांनी गोळी बदलली असेल तर सुई लावायच्या आधी आम्हाला सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, कारण मशीन चालताना रक्त न गोठू देणारं हेपरिन द्यावं लागतं.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे कोपराच्या शिरा. सुई साध्या सलाईनच्या सुईपेक्षा जाड असते आणि बहुतेकांना दोन्ही हातांना लागते, तीही दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, वर्षानुवर्षं. म्हणून इतर तपासण्यांचं रक्त हाताच्या मागच्या बाजूने काढायला सांगा. घरी मऊ चेंडू दाबत राहा. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या, थंडीत हातमोजे घालून या. गार हातात शीर सापडता सापडत नाही. उपाशी येऊ नका. हलका नाश्ता करा आणि खुर्चीत बसण्याआधी लघवीला जाऊन या, कारण पुढचे दोन-तीन तास उठता येत नाही.

मशीन चालू असताना ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच बोला. रक्त गोठू नये म्हणून काही मशीनमध्ये सायट्रेटही वापरतात, त्याने रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ते वेळीच देता येतं. सहन करत बसणारी माणसं मला फार भेटतात, विशेषतः आपल्याकडच्या काकू. शेवटी फिल्टर बघायला मागा. काही पद्धतींत सुरुवातीला पांढराशुभ्र असलेला फिल्टर संपताना दुधावर साय धरावी तसा पिवळसर दाटलेला दिसतो.

सुई काढल्यावर जागा दहा-पंधरा मिनिटं स्वतः दाबून धरा. त्या दिवशी जड पिशव्या उचलू नका. पीसीएसके-९चं इंजेक्शन घेत असाल तर ते अफेरेसिस झाल्यावर घ्या, आधी घेतलं तर मशीन त्यातलं काही काढून टाकतं. फेरिटिनची (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) तपासणी अधूनमधून करून घ्या, लोह हळूहळू कमी होतं.

एका बैठकीत एलडीएल साधारण 60 ते 70 टक्के उतरतं. 300 चं 100 पाहून लोक खूश होतात आणि गोळ्या सोडतात. तसं करू नका. दुसऱ्या दिवसापासूनच आकडा चढू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होतो. म्हणून फक्त "नंतरचा" रिपोर्ट पाहू नका, "आधीचा"ही विचारा.

भारतात जायचं असेल तर तारखा महिनाभर आधी कळवा. तिकडे ही निवडक गाळणी फार थोड्या ठिकाणी आहे. प्लाझ्मा एक्सचेंज (सगळा प्लाझ्मा काढून दुसरा द्रव भरणं) मिळू शकतं, पण त्यात चांगलं एचडीएल आणि अँटिबॉडीजही जातात. हृदयरोग्यांना काही ठिकाणी चिलेशनच्या (शरीरातले धातू बाहेर काढणाऱ्या औषधाच्या) बाटल्या लावतात. तो हा उपचार नव्हे, त्यावर पैसे घालवू नका.

गावी गेलातच तर सख्ख्या भावंडांचं आणि मुलांचं लिपिड प्रोफाइल करून घ्या. आईवडिलांपैकी एकाला दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. घरात मामेबहिणीशी लग्नं झाली असतील तर दोन्हीकडून दोष आलेलं मूल जन्मण्याचा धोका वाढतो, आणि अशा मुलाला शाळेच्या वयातही हार्ट अटॅक येऊ शकतो. तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते, आणि एलडीएलच्या पहिल्या तपासणीला उपाशी असायलाच हवं असं नाही.