मुलांच्या शाळेतल्या खाण्यावर पैसे जास्त जातायत? या चुका टाळा

गेल्या वर्षी ऑगस्ट लागला आणि तिठ्यावरच्या दुकानदाराने मला हाक मारली. "वैनी, झिलाच्या खात्याचा जरा बघतास काय?" त्याने वही पुढे सरकवली. माझ्या मुलाच्या नावाखाली ओळीने वडापाव १५, वडापाव १५, वेफर १०, वडापाव १५. जून-जुलै मिळून ६४० रुपये. रोज सकाळी मी वीस रुपये देत होतेच, हे त्याच्यावरचे.

घरी येऊन मी आवाज चढवला. सासूबाई विळीवर भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरगो खर्चिक नाय गो, भुकेलो आसा."

त्यांचं खरं होतं, पण ते कळायला मला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी पैसे पूर्ण बंद केले. परिणाम काय, तर मुलाने वर्गातल्या मित्राकडून उसने घेतले, आणि ते मला त्या मित्राच्या आईकडून कळलं. पैसे तोडून भूक तुटत नाही, फक्त लपवाछपवी सुरू होते. ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी चूक.

"किती खर्च केलेस?" एवढंच विचारू नका, "किती वाजता?" तेही विचारा

आमच्याकडचा दिवस मांडून बघा. नऊची एसटी, साडेदहाला शाळा, दीडला मधली सुट्टी आणि डबा. पाचला शाळा सुटते, पावणेसहाला गाडी, तिठ्यावर उतरायला सव्वासहा. म्हणजे डब्यानंतर जवळजवळ पाच तास पोटात काही नाही, आणि उतरल्या उतरल्या समोर तळणाचा वास. दुकानदाराला विचारलं तर सगळे वडापाव संध्याकाळचेच होते.

तीन दिवस फक्त वेळा लिहून ठेवा. सकाळच्या छोट्या सुट्टीत पैसे जात असतील तर मूल घरून नीट न खाता निघतंय. अशा वेळी वाटीभर उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं खूप काम करतं. मधल्या सुट्टीत जात असतील तर डबा खाल्ला जात नाहीये. शाळा सुटल्यावर जात असतील तर दुसरा छोटा डबा द्या: शेंगदाण्याचा लाडू, भाजलेले चणे, केळं किंवा तूप-गूळ लावून गुंडाळलेली चपाती. आम्ही हे सुरू केल्यावर संध्याकाळचा वडापाव रोजचा होता तो आठवड्यातून एकदा झाला. तो एक राहू दे, मित्रांबरोबर उभं राहून खाण्यात मुलांना आनंद असतो.

ओल्या खोबऱ्याची चटणी डब्यात भरणं

कोकणातल्या घरांत ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिच्याकडे पैशाची बाब म्हणून कोणी बघत नाही. घावणे किंवा आंबोळी म्हटली की खोबऱ्याची चटणी आलीच. पण सकाळी सातला वाटलेलं ओलं खोबरं दमट हवेत, झाकण घट्ट लावलेल्या डब्यात, दीडपर्यंत साडेसहा तास बसतं. झाकण उघडलं की आंबूस वास येतो. मूल डबा तसाच बंद करतं आणि कॅन्टीनच्या रांगेत जातं. घरी येऊन सांगतंही नाही, कारण आईने पहाटे उठून केलेलं असतं. ओलं खोबरं घातलेली भाजीसुद्धा अशीच दुपारपर्यंत उतरते.

डब्यासाठी सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी करा, किंवा शेंगदाण्याची. भाजीत खोबरं हवंच असेल तर कोरडं भाजून घाला. घावणा गरम असताना झाकण लावलं की वाफ धरते, तो चिकट होतो आणि लवकर खराब होतो. पाच मिनिटं ताटात पसरून निवू द्या, मग भरा. परत आलेला डबा धुण्याआधी उघडून वास घ्या. महिनाभराच्या खर्चाचं कारण तिथे सापडू शकतं.

आठवीतून नववीत जाताना हिशोब न बदलणं

सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो. पाचवीपर्यंत दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, बरोबर डाळ-कडधान्य आणि भाजी. नववीत हे थांबतं. आपण मात्र तोच एक डबा आणि तेच पैसे देत राहतो, आणि जूनमध्येच मूल "पुरत नाही" म्हणायला लागतं. ते हट्ट करत नसतं, एक जेवण खरोखरच कमी झालेलं असतं.

उलटी चूकही बघते. "ती खिचडी खाऊ नको" असं घरीच सांगायचं आणि मग बाहेरच्या खाण्याला पैसे द्यायचे. खिचडीबद्दल तक्रार असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत बोला. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. गेटबाहेरच्या पाकिटांचा विषयही तिथेच काढा. जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायला २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे.

खातं, सुटे आणि रोजचे वीस रुपये

दुकानात मुलाच्या नावाने उधारी चालू देऊ नका. मुलाला बरोबर घेऊन दुकानदाराला समोरासमोर सांगा. आम्ही तसं केल्यावर त्यालाही बरंच वाटलं.

रोज पैसे देण्याऐवजी आठवड्याचे एकदम द्या, आठवडा बाजाराच्या दिवशी. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला दोन-दोन दिवसांचे पुरे. मध्येच संपले तर पुन्हा भरून देऊ नका, पण त्या आठवड्यात डबा मात्र नेहमीपेक्षा भरलेला असू द्या. खाऊचे पैसे संपले म्हणून मूल उपाशी राहता कामा नये. गाडी चुकली तर लागणारी नोट वेगळी, दप्तराच्या आतल्या कप्प्यात, आणि ती खाऊची नव्हे हे आधीच ठरलेलं.

एसटीचा पास वेळेवर न काढणं हेही एक छिद्र आहे. रोजच्या तिकिटाचे सुटे हातात राहिले की ते खाण्यात जातात. पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो.

रक्कम ठरवताना महिना बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आंब्याचे पैसे आले तसे खर्च झालेले असतात आणि नेमकी तेव्हाच शाळा उघडते. जूनमध्ये झेपेल तीच रक्कम वर्षभराची धरा. नारळी पौर्णिमेनंतर ती वाढवता येते. जूनमध्ये जास्त देऊन जुलैत कमी केली की मुलाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

गणपतीत आलेल्या नोटा

वर्षभर बसवलेली घडी चतुर्थीच्या पाच दिवसांत विस्कटते. मुंबईहून आलेले काका-आत्या प्रेमाने शंभर, पाचशे हातावर ठेवतात. मग पुढचे दोन महिने आठवड्याच्या पैशाला किंमत राहत नाही. नातेवाइकांना नको म्हणू नका, त्यांना वाईट वाटतं. मुलाशी आधीच ठरवा: एक शंभराची नोट त्याची, बाकी पोस्टात. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं काढता येतं आणि स्वतःच्या सहीने चालवता येतं. सुरुवातीला ५०० रुपये लागतात. हे खातं गणपतीआधी उघडून ठेवा, कारण सणाच्या गर्दीत ते राहून जातं आणि तोवर पैसे तिठ्यावर पोचलेले असतात.