आजीच्या अप्रकाशित कथा वाचकांपुढे आणताय? या चुका टाळा

आजीच्या किंवा आजोबांच्या कथांची वही सापडली की घरात लगेच पुस्तक काढायचं ठरतं. वर्षश्राद्धाला प्रकाशन, नातेवाइकांना प्रती, प्रत्येकाच्या आठवणी. त्यामागचं प्रेम खरंच असतं. पण ज्यांनी आजीला कधी पाहिलंच नाही असे वाचक तिला मिळायचे असतील, तर ते कथेसाठी येतील, नातवंडांच्या जिव्हाळ्यासाठी नाही. बहुतेक चुका हे विसरल्याने होतात.

टाचणी काढण्याआधी फोटो

फुलस्केप कागद सुटे केले की पानांचा क्रम गेला. म्हणून आहे त्या अवस्थेत आधी प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. मागे वाण्याचा हिशेब असेल तर तोही. साखरेचा नि रॉकेलचा भाव दिसला तर कथा साधारण कोणत्या काळातली हे कळायला मदत होते, आणि तारीख घालायची सवय फार थोड्यांना असते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच.

भाषा 'सुधारणं'

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 सालचे. त्याआधी शिकलेली माणसं जन्मभर 'नांव', 'कांहीं', 'पांच' असं लिहीत राहिली. निवेदनातले हे अनुस्वार काढावेत असं माझं मत आहे, कारण ते आजच्या वाचकाला चकवतात. 'घरांत' म्हणजे तेव्हा एका घरात. आज वाचणाऱ्याला अनेक घरं दिसतात. मात्र हे सरसकट 'शोधा आणि बदला' करून होणार नाही. 'त्या घरांत कोणी राहत नव्हतं' हे वाक्य एका घराचं की चाळीतल्या ओळीचं, हे मागचापुढचा मजकूर वाचूनच ठरतं.

संवादांना मात्र हात लावू नका. आजीची नायिका 'म्या न्हाई जायाची' म्हणत असेल, तर ती तसंच म्हणेल. 'मी जाणार नाही' केलंत की नकार उरतो, बाई जाते. लांबलेली वाक्यं तोडणं, मधल्या तपशिलाला कात्री लावणं हेही नको. जे बदललं ते मनोगतात दोन ओळींत सांगून टाका.

जातीवरून किंवा बाईवरून आज टोचणारे शब्द जुन्या कथांत येतातच. ते गुपचूप पुसू नका. कथा ठेवायची तर आहे तशी ठेवा, नाहीतर ती संग्रहात घेऊच नका.

एकच कथा दोन वह्यांत वेगवेगळी असेल तर एक पाठ, म्हणजे कथेचं एकच रूप, निवडा. दोघांतलं चांगलं चांगलं वेचून तिसरा तयार केलात तर तो तुमचा होतो. अपुऱ्या कथेचा शेवटही स्वतः लिहू नका. 'इथे हस्तलिखित थांबतं' एवढं पुरे.

'अप्रकाशित' म्हणण्याची घाई

'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक 1909 साली निघाला आणि पुढे कितीतरी हौशी हातांना दिवाळी अंकांनी जागा दिली. बायकांनी टोपणनावाने किंवा माहेरच्या नावाने लिहिलेलंही बरंच आहे. म्हणून ट्रंकेतली संपादकांची पत्रं, मनिऑर्डरच्या पावत्या, 'साभार परत'च्या चिठ्ठ्या आधी नीट पाहा. मासिकाचं नाव मिळालं तर मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या ठिकाणी जुने अंक शोधता येतात.

याने हक्काचा हिशेबही बदलतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हयातीत प्रसिद्ध झालेल्या कथेवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या कथेची 60 वर्षं पहिल्या प्रकाशनानंतर मोजतात.

वही माझ्याकडे, म्हणून हक्क माझा

तसं नसतं. मृत्युपत्रात हस्तलिखित एखाद्याच्या नावे केलं असेल, तर उलट काही लिहिलेलं नसल्यास अप्रकाशित मजकुराचा हक्कही त्याच्याकडे जातो. मृत्युपत्र नसेल तर हक्क वारसांचा, आणि त्यात लग्न होऊन गेलेल्या आत्या-मावश्याही आल्या. सगळ्यांची लेखी संमती टाइपिंग सुरू करण्याआधीच घ्या. त्या निमित्ताने कथेतली कजाग जाऊ कोणावरून बेतली आहे हेही कळतं. ती व्यक्ती किंवा तिची मुलं हयात असतील तर नाव-गाव बदला.

सगळं एकदम छापणं

पंधरा कथांतल्या चारच चांगल्या असतील, तर चारच द्या. निवड घरच्यांनी करू नये. गावातल्या वाचनालयात दोन-तीन कथा अनोळखी माणसांपुढे वाचून दाखवा आणि ती कुठे चुळबुळतात ते पाहा. सर्वांत उत्तम कथा दिवाळी अंकाकडे पाठवा, पावसाळ्याच्या तोंडाशीच, आणि लेखिका हयात नाही हे पत्रात स्पष्ट लिहा. मनोगत पानभराहून मोठं नको, तेही कथांच्या शेवटी शोभेल.

टाइप करणाऱ्याकडून युनिकोड फाइलच मागा, नाहीतर जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे उघडताना कडबोळं होतो. भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मोफत मिळतो, त्यासाठी कोणी वेगळे पैसे लावत असेल तर विचारा. आणि पुस्तक निघालं की 1954 च्या कायद्यानुसार कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतली ठरलेली ग्रंथालयं यांना प्रती जायला हव्यात. प्रकाशकाने त्या पाठवल्या की नाही, हे तुम्हीच विचारा.